रेड चकतीसंच, लिनक्स प्रणालीतील

रेड चकतीसंच : संगणकाला जोडलेल्या दोन किंवा अधिक हार्ड डिस्क (यापुढे ‘चकत्या’) एकत्र बांधून वापरणाऱ्यापुढे एकच मोठी चकती म्हणून ठेवणारी आणि त्यांपैकी एखादी निकामी झाली, तरी तिच्यावरील माहिती उरलेल्या चकत्यांवरून पुन्हा मिळवता येईल अशी तजवीज करणारी रचना. ‘रिडंडंट ॲरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘रेड’ हे नाव रूढ झाले आहे. ही बांधणी स्वतंत्र नियंत्रक-कार्डामार्फत करता येते, तशीच संगणकाच्या परिचालन प्रणालीमार्फतही करता येते. दुसऱ्या प्रकारात वेगळे यंत्र लागत नाही. सर्व काम आज्ञावलीच करते. लिनक्स या मुक्त परिचालन प्रणालीच्या गाभ्यातच अशी आज्ञावली अंतर्भूत असून ती ‘अनेक उपकरणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून ‘एमडी’ या नावाने ओळखली जाते. संच उभारणे, तो तपासणे, निकामी चकती काढून नवी घालणे इ. कामे ‘एमडीएडीएम’ या आज्ञेच्या साहाय्याने केली जातात.

इतिहास : एका चकतीचा बिघाड दुसरीच्या साहाय्याने भरून काढण्याची कल्पना रेड या नावाहून जुनी आहे. आयबीएम या कंपनीतील नॉर्मन केन ओउची यांना निकामी स्मृतिघटकातील माहिती परत मिळविण्याच्या पद्धतीबद्दल १९७८ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले होते. तथापि या विषयाला व्यवस्थित रूप आले ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड ए. पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे. त्या काळी मोठ्या संगणकांना कपाटाएवढ्या, महागड्या चकत्या जोडल्या जात. आयबीएमच्या ३३८० या चकतीची क्षमता ७,५०० मेगाबाइट होती, तर वैयक्तिक संगणकांसाठी बनणाऱ्या लहान चकतीची जेमतेम १०० मेगाबाइट. मात्र लहान चकती स्वस्त होती व तिला वीजही फार थोडी लागे. अशा पुष्कळ लहान चकत्या एकत्र जोडल्यास त्या एकाच वेळी वाचता येतात व वेगही वाढतो. अडचण होती ती भरवशाची. एका चकतीचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर १०० चकत्यांच्या समूहात पहिला बिघाड सरासरीने ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच होणार. केवळ संख्या वाढविली तर माहिती सुरक्षित न होता उलट अधिक धोक्यात येते, हे या साध्या भागाकारातून स्पष्ट झाले आणि जादा माहिती लिहून ठेवण्याच्या पाच पद्धती निबंधात क्रमांक देऊन मांडण्यात आल्या. नावातील ‘स्वस्त’ या अर्थाचा शब्द पुढे महागडी उपकरणे विकणाऱ्यांना गैरसोयीचा वाटू लागला असावा. त्याच्या जागी ‘स्वतंत्र’ या अर्थाचा ‘इंडिपेंडंट’ हा शब्द आला आणि आद्याक्षर तेच राहिले.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेल्या लिनक्समध्ये एमडीचे मूळ काम मार्क झिंगिए यांनी केले. त्यानंतर इंगो मोल्नार, मिगेल दे इकाझा व गाडी ऑक्समन यांनी प्रतिबिंब व समता या पद्धती त्यात आणल्या. आरंभी संचाचे वर्णन एका फाइलीत हाताने लिहावे लागे व ते चुकले, तर संच चुकीचा जोडला जाई. ऑस्ट्रेलियातील नील ब्राउन यांनी २००१ मध्ये एमडीएडीएम ही आज्ञा लिहिली व संचाची ओळख प्रत्येक चकतीवरच नोंदविलेल्या माहितीवरून पटविण्याची रीत रुळली. दोन चकत्यांचा बिघाड सोसणारी रेड-६ ही पद्धत एच. पीटर अँविन यांच्या कामामुळे लिनक्समध्ये आली.

समतेचे गणित : या सर्व रचनेचा पाया असलेली क्रिया शालेय बेरजेहूनही सोपी आहे. दोन बिट सारखे असल्यास ०, वेगळे असल्यास १, असा तिचा नियम. एका चकतीवर १०११ व दुसरीवर ०११० हे बिट असतील, तर तिसरीवर ११०१ हे समताबिट लिहितात. आता दुसरी चकती नष्ट झाली असे मानू. पहिलीवरील १०११ व तिसरीवरील ११०१ यांवर तीच क्रिया केली असता ०११० मिळते, म्हणजेच गेलेली माहिती जशीच्या तशी परत येते. चकत्या तीन असोत वा दहा, नियम बदलत नाही. एका चकतीएवढी जागा खर्च करून कोणत्याही एका चकतीचा विमा उतरविला जातो. याची किंमत लिहिताना मोजावी लागते. एखादा लहानसा तुकडा बदलण्यासाठी जुनी माहिती व जुनी समता वाचावी लागते आणि नंतर नवी माहिती व नवी समता लिहावी लागते. एका लेखनाची अशा रीतीने चार कामे होतात.

रेड-० मध्ये माहितीचे खंड चकत्यांवर आळीपाळीने पसरले जातात. वेग वाढतो, परंतु जादा माहिती मुळीच नसते व एक चकती गेली की सर्व संच जातो. या पद्धतीला रेड म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोगच म्हटला पाहिजे. रेड-१ मध्ये प्रत्येक चकतीवर तीच माहिती प्रतिबिंबाप्रमाणे असते. रेड-४ मध्ये समता एकाच ठरावीक चकतीवर असते व लेखनाचा सारा भार तिच्यावर पडतो. रेड-५ मध्ये समतेचे खंड सर्व चकत्यांवर फिरते ठेवून हा दोष टाळला आहे. रेड-६ मध्ये साध्या समतेबरोबर दुसरी एक राशी काढून ठेवतात. तिचे गणित फ्रेंच गणिती एव्हारीस्त गाल्वा (१८११–३२) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २५६ घटकांच्या सांत क्षेत्रातील असून त्यायोगे कोणत्याही दोन चकत्या गेल्या, तरी माहिती मिळते. लिनक्समधील रेड-१० मध्ये प्रतिबिंब व पसरणी यांचा मेळ घातलेला असून त्याचे वैशिष्ट्य म्हणजे चकत्यांची संख्या विषम असली, तरी तो चालतो. ही सर्व आकडेमोड संगणकाच्या मुख्य संस्कारकाकडून होते. गाभा सुरू होताना उपलब्ध गणनरीतींचे वेग प्रत्यक्ष मोजून पाहतो व सर्वांत जलद रीत निवडतो. आधुनिक संस्कारकाला हा भार जाणवण्यासारखा नसतो. संथ असतात त्या चकत्या.

संचाची उभारणी : ४ टेराबाइटच्या तीन चकत्यांचा रेड-५ संच हे उदाहरण घेतल्यास वापरास मिळणारी जागा ८ टेराबाइट होते. उभारणीपूर्वी प्रत्येक चकतीचा अनुक्रमांक वाचून तो कागदावर व शक्य तर चकतीच्या खोक्यावर दिसेल असा लिहून ठेवणे हितावह असते. गाभा चकत्यांना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे देतो. परंतु ती पुढच्या वेळी त्याच क्रमाने मिळतील असा नियम नाही. चकती निकामी झाल्यावर नावावरून अंदाज करून ती उपसली व चुकून चांगली चकती बाहेर आली, असे प्रसंग वारंवार घडतात आणि रेड-५ मध्ये त्यानंतर संच लगेच बंद पडतो.

प्रत्येक चकतीवर एक विभाग पाडला जातो व तो चकतीच्या पूर्ण क्षमतेपेक्षा थोडा, सु. १०० मेगाबाइट, लहान ठेवतात. एकाच क्षमतेच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या चकत्यांत थोडा फरक असू शकतो व आवश्यक आकारापेक्षा लहान चकती संचात घेतली जात नाही. ही खबरदारी न घेतल्यास काही वर्षांनी आणलेली बदली चकती अगदी थोडक्या जागेसाठी निरुपयोगी ठरते. त्यानंतर एमडीएडीएमला ‘क्रिएट’ हा पर्याय, रेडची पातळी, चकत्यांची संख्या व विभागांची नावे दिली की संच तयार होतो व एमडी-० यासारख्या नावाने दिसू लागतो. त्यावर एक्स्ट४ किंवा एक्सएफएस यांसारखी फाइल प्रणाली नेहमीप्रमाणे घडवितात. खंडाचा आकार वेगळा न सांगितल्यास तो ५१२ किलोबाइट धरला जातो.

नव्या संचाची स्थिती प्रॉक निर्देशिकेतील ‘एमडीस्टॅट’ या फाइलीत पाहता येते. चालू चकतीसाठी तीत ‘यू’ हे अक्षर व नसलेल्या चकतीसाठी अधोरेषा असते. नवखा माणूस येथे बहुधा घाबरतो, कारण नुकत्याच उभारलेल्या रेड-५ संचात दोन ‘यू’ व एक अधोरेषा दिसते. तो बिघाड नव्हे. एमडीएडीएम शेवटची चकती राखीव समजून संच मुद्दाम न्यून अवस्थेत सुरू करते व मग त्या चकतीवरील मजकूर इतर चकत्यांवरून लिहून काढते, कारण सर्व समता ताडून पाहण्यापेक्षा हे सामान्यतः लवकर होते. या काळात संच वापरता येतो, परंतु काम पुरे होईपर्यंत त्याला बिघाड सोसण्याची शक्ती नसते.

प्रत्येक विभागावर एक ओळखनोंद लिहिली जाते. तीत संचाचा एकमेवाद्वितीय क्रमांक, रेडची पातळी, खंडाचा आकार, त्या चकतीचे संचातील स्थान व घटनांची मोजदाद असते. यामुळे चकत्या कोणत्याही क्रमाने जोडल्या, किंवा लिनक्स चालणाऱ्या सर्वस्वी वेगळ्या संगणकात नेल्या, तरी संच ओळखला जातो. नियंत्रक-कार्डावरील रेडमध्ये कार्ड बिघडल्यास बहुधा त्याच जातीचे कार्ड शोधावे लागते. तेथे आज्ञावलीय रेडचा हा मोठा लाभ आहे. ०.९० या जुन्या आवृत्तीत नोंद विभागाच्या शेवटी असे. सध्या सर्वसाधारणपणे वापरात असलेल्या १.२ या आवृत्तीत ती आरंभापासून ४ किलोबाइट अंतरावर असते. संगणक सुरू करणारी मूलभूत आज्ञावली एमडी संच जाणत नाही. म्हणून तिला लागणारा लहान विभाग प्रत्येक चकतीवर वेगळा ठेवून त्यात प्रारंभक भरावा लागतो. तो एकाच चकतीवर असला व नेमकी तीच गेली, तर माहिती शाबूत असूनही संगणक सुरू होत नाही. संचाची माहिती एमडीएडीएमच्या विन्यास-फाइलीत उतरवून प्रारंभ-प्रतिमा नव्याने बनविणे हे उभारणीचे शेवटचे काम होय. ते विसरल्यास पुष्कळदा संच एमडी-१२७ अशा अनपेक्षित नावाने उगवतो.

बिघाड आणि पुनर्रचना : चकती निकामी झाली असता संच थांबत नाही. हा त्याचा गुण आहे, तसाच सापळाही आहे. फाइली उघडतात, काम चालते, वेग किंचित मंदावतो आणि संचातील जादा माहिती संपली आहे हे कोणाच्याही ध्यानात येत नाही. काही महिन्यांनी दुसरी चकती जाते तेव्हा पहिली कधीच गेली होती असे उघडकीस येते. यासाठी एमडीएडीएम ‘मॉनिटर’ या पर्यायासह सतत चालू ठेवतात व बिघाड होताच ई-पत्र जाईल अशी व्यवस्था करतात. ते पत्र खरोखर पोहोचते की नाही, हे चाचणीपत्र पाठवून आधीच पाहावे लागते.

निकामी चकती ‘फेल’ व ‘रिमूव्ह’ या पर्यायांनी संचातून काढतात आणि नवी ‘ॲड’ या पर्यायाने घालतात. मग पुनर्रचना आपोआप सुरू होते. सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने ४ टेराबाइटची चकती लिहिण्यास सु. साडेसात तास लागतात. पण संच त्याच वेळी वापरात असेल, तर गाभा पुनर्रचनेचा वेग उतरवितो. मुळात ठरवून दिलेली किमान मर्यादा सेकंदाला १,००० किलोबाइट असून त्या वेगाने हेच काम सु. दीड महिना चालेल. ही मर्यादा आज्ञेने वाढविता येते.

रेड-५ च्या खऱ्या कसोटीचा काळ हाच. पुनर्रचनेसाठी उरलेल्या सर्व चकत्या पहिल्या बिटापासून शेवटच्या बिटापर्यंत वाचाव्या लागतात. साध्या चकत्यांचे उत्पादक १०० लाख कोटी बिट, म्हणजे सु. १२.५ टेराबाइट, वाचले असता न वाचता येणारा सेक्टर एकाहून अधिक वेळा आढळणार नाही, अशी हमी देतात. ४ टेराबाइटच्या पाच चकत्यांच्या संचात एक गेल्यावर १६ टेराबाइट वाचावे लागतात. प्रत्यक्षात चकत्या या हमीपेक्षा पुष्कळदा चांगल्या वागतात. म्हणून मोठ्या चकत्यांचा रेड-५ संच हमखास बुडतो असे जे सांगितले जाते ते अतिशयोक्त आहे; परंतु अशा वेळी भेटलेला एक खराब सेक्टरही भरून काढण्यास जादा माहिती शिल्लक नसते, हेही तितकेच खरे. मोठ्या संचांसाठी रेड-६ पसंत करण्याचे कारण हे आहे. दुसरा उपाय नियमित तपासणीचा. ‘चेक’ ही आज्ञा संच सर्वस्वी वाचून पाहते व न वाचता येणारा सेक्टर सापडल्यास जादा माहितीवरून तो पुन्हा लिहिते. डेबियन या लिनक्स संचात ही तपासणी महिन्यातून एकदा आपोआप होईल अशी व्यवस्था केलेली असते.

निरोगी चकती संचाबाहेर फेकली जाण्याचेही एक विचित्र कारण आहे. घरगुती वापराची चकती खराब सेक्टर वाचण्यासाठी एखादे मिनिट किंवा त्याहून अधिक वेळ झगडत राहते. गाभा मात्र ३० सेकंद थांबून चकती प्रतिसाद देत नाही असे ठरवितो व तिची जोडणी पुन्हा सुरू करतो. त्या गोंधळात संच तिला निकामी समजतो. संचासाठी बनविलेल्या चकत्या हे प्रयत्न सु. ७ सेकंदांत सोडून देतात. ज्या चकत्यांना तशी आज्ञा देता येते त्यांना ती प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना द्यावी लागते. ज्यांना देता येत नाही त्यांच्यासाठी गाभ्याची मर्यादा वाढवून १८० सेकंद करतात.

अशा रीतीने एकाच वेळी दोन चकत्या बाहेर पडून संच बंद पडला, तर माहिती बहुधा अजून चकत्यांवर असते. ती कायमची जाते ती पुढच्या अर्ध्या तासात, माणसाच्या हाताने. घाईत ‘क्रिएट’ ही आज्ञा पुन्हा दिली जाते. ती जुन्या संचाला जोडत नाही, नवा संच बनविते. चकत्यांचा क्रम, खंडाचा आकार किंवा ओळखनोंदीची आवृत्ती वेगळी पडली की सर्व माहितीचा क्रम विसकटतो आणि लगेच सुरू होणारी पुनर्रचना एका चकतीवरील मजकूर पुसून टाकते. खंडाचा पूर्वीचा गृहीत आकार ६४ किलोबाइट होता व नंतर तो ५१२ करण्यात आला. त्यामुळे जुन्या संचावर नव्या एमडीएडीएमने ‘क्रिएट’ चालविल्यास क्रम बरोबर असूनही फळ चुकीचे येते. योग्य मार्ग असा की, प्रथम ‘एक्झामिन’ या पर्यायाने प्रत्येक चकतीची ओळखनोंद वाचून उतरून घ्यावी व घटनांची मोजदाद ताडून पाहावी. आकडे जवळजवळ सारखे असल्यास ‘असेंबल’ ही आज्ञा सक्तीच्या पर्यायासह दिली असता संच पुष्कळदा जुळतो. ज्या चकतीचा आकडा फार मागे असेल ती आधीच केव्हातरी बाहेर पडलेली असते व तिच्यावरील मजकूर शिळा असतो. तिला यात घेऊ नये.

मर्यादा : माहिती लिहून झाली व समता लिहायची राहिली, अशा क्षणी वीज गेली, तर दोहोंचा मेळ राहत नाही. संच पूर्ण असल्यास गाभा सुरू होताच समता पुन्हा मोजतो. ज्या भागांत लेखन चालू होते त्यांची नोंद ठेवणारा बिटनकाशा संचात असेल, तर तेवढेच भाग तपासून भागते. परंतु वीज गेली तेव्हा संच न्यून अवस्थेतही असेल, तर बरोबर काय हे ठरविण्यास आधार नसतो व एमडी असा संच सक्ती केल्याखेरीज सुरू करीत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी लेखन आधी वेगळ्या जलद उपकरणावर नोंदविण्याची सोय लिनक्सच्या ४.४ या आवृत्तीत (२०१६) करण्यात आली.

चकतीने चुकीची माहिती बिनबोभाट परत दिली, तर एमडीला ते वाचताना कळत नाही. तपासणीत मेळ नसलेल्या जागांची संख्या कळते. पण दोन प्रतिबिंबांपैकी खरे कोणते, हे सांगणारी खूण त्याच्याजवळ नाही. झेडएफएस व बीटीआरएफएस या फाइल प्रणाली प्रत्येक खंडाची पडताळणी-राशी ठेवीत असल्याने त्यांत हे ओळखता येते. पुसलेली फाइल, दोषी आज्ञावलीने केलेली नासधूस, चोरी किंवा आग यांवर कोणत्याही पातळीच्या रेडचा उपाय नाही. चुकून दिलेली पुसण्याची आज्ञा प्रतिबिंबावरही त्याच क्षणी अंमलात येते. म्हणून संचाबाहेर, शक्यतो दुसऱ्या जागी ठेवलेली स्वतंत्र प्रत रेडमुळे अनावश्यक ठरत नाही.

रेड-५ संचात ‘ग्रो’ या पर्यायाने आणखी चकती घालून तो चालू असतानाच वाढविता येतो. त्यासाठी प्रत्येक खंड नव्या जागी हलवावा लागत असल्याने काम दीर्घकाळ चालते. त्यानंतर फाइल प्रणाली वेगळ्या आज्ञेने वाढवावी लागते. संचातून निवृत्त केलेली चकती अन्यत्र वापरण्यापूर्वी तिच्यावरील ओळखनोंद पुसतात. ती राहिल्यास संगणक सुरू होताना गाभा त्या चकतीला जुन्या संचाचाच भाग समजून जोडू पाहतो.